हिवाळ्यात धावण्याचा सराव कसा टिकतो

नियमित धावणाऱ्याचा सराव हिवाळ्यात सहसा हळूहळू मोडतो. आधी सकाळचा अंधार आड येतो, मग बोचऱ्या वाऱ्याचे दोन दिवस, मग निसरडा रस्ता, आणि अशा सुट्या दिवसांचे तीन-चार आठवडे कधी झाले हे लक्षातही येत नाही. हवामान सुधारले की पुन्हा सुरुवात करू, असे मन सांगत असते. शरीर मात्र तोवर थांबत नाही. मागणी कमी झाली की ते कमावलेली क्षमता मोडीत काढू लागते, आणि त्याचा वेग बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा बराच जास्त असतो.

या घसरणीचे मोजमाप झालेले आहे. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दमदार सराव असलेल्या खेळाडूंना ८४ दिवस व्यायाम पूर्ण बंद ठेवायला सांगितले होते. जोरकस श्रमात शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ही दमसासाची सर्वमान्य मोजपट्टी आहे. पहिल्या तीन आठवड्यांतच ही क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरली आणि आठव्या आठवड्यापर्यंत ही घट १६ टक्क्यांवर पोहोचली. सुरुवातीच्या घटीचे मुख्य कारण हृदयाशी संबंधित होते. सराव थांबला की रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच कमी होते, हृदयात परतणारे रक्त घटते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारा रक्ताचा झोतही लहान होतो. स्नायूंमधली ऊर्जानिर्मितीची विकरेही पुढच्या काही आठवड्यांत झपाट्याने कमी होतात. त्या मानाने स्नायूंभोवतीचे केशवाहिन्यांचे जाळे चिवट असते. अभ्यासाच्या बाराही आठवड्यांत ते जवळजवळ जसेच्या तसे राहिले.

पण याच प्रश्नाची दुसरी बाजू हिवाळ्यासाठी अधिक मोलाची आहे, आणि धावणाऱ्यांमध्ये तिची चर्चा फार कमी होते याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात तीन अभ्यास केले. दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे असा कठोर सराव करून क्षमता वाढवलेल्या लोकांचा सराव त्यांनी पुढच्या पंधरा आठवड्यांसाठी वेगवेगळ्या तऱ्हेने कमी केला. दिवस सहावरून चारवर किंवा अगदी दोनवर आणले, तरी श्रमाची तीव्रता पूर्वीइतकीच ठेवल्यामुळे ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. दिवस तेवढेच ठेवून वेळ ४० मिनिटांवरून २६ किंवा १३ मिनिटांवर आणला, तरीही ती टिकली. फक्त १३ मिनिटांच्या गटात दीर्घकाळ श्रम करण्याची ताकद थोडी कमी झाली. दिवस आणि वेळ तसेच ठेवून तीव्रता एक तृतीयांशाने किंवा दोन तृतीयांशाने उतरवली, तेव्हा मात्र कमावलेली क्षमता ओसरू लागली.

क्षमता कमावण्यासाठी जितके कष्ट लागतात, त्याच्या एका अंशात ती राखता येते, एवढे यावरून कळते. खराब हवेच्या महिन्यांत रोजचे नेहमीचे अंतर पूर्ण करण्याचा अट्टहास करून शेवटी सगळेच सोडून देण्यापेक्षा, आठवड्यातून दोन-तीनदा, कमी वेळ, पण त्यातला काही भाग खरोखर दम लागेल अशा वेगाने धावणे हे शास्त्रीयदृष्ट्या अधिक शहाणपणाचे आहे. असे दोन-तीन दिवस निवडायचे असल्यामुळे हवेचा अंदाज पाहून त्यातल्या त्यात बरा दिवस आणि बरी वेळ पकडण्याची मुभाही मिळते.

आता थंडीकडे वळू. धावणाऱ्या शरीराला थंडी ही मुळात अडचण नाही, कारण ते शरीर स्वतःच मोठा उष्णतास्रोत असते. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाची व्यक्ती ताशी १० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तासाला सुमारे ६०० किलोकॅलरी, अर्थात सुमारे ७०० वॉट. विश्रांतीत हीच व्यक्ती जेमतेम ७० वॉट उष्णता निर्माण करते. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक भाग उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो, आणि ती उष्णता शरीरातच कोंडून राहिली तर दर सहा-सात मिनिटांनी शरीराचे तापमान एक अंशाने चढेल. गार हवा ही जादा उष्णता सहज वाहून नेते. स्टुअर्ट गॅलोवे आणि रोनाल्ड मॉन यांनी १९९७ मध्ये सायकल चालवणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात ४, ११, २१ आणि ३१ अंश सेल्सियस तापमानात थकून थांबेपर्यंतचा वेळ मोजला. सर्वाधिक वेळ, सुमारे ९४ मिनिटे, ११ अंशांना मिळाला. ४ अंशांना तो सुमारे ८१ मिनिटे, म्हणजे २१ अंशांइतकाच होता, आणि ३१ अंशांना मात्र अवघा ५२ मिनिटे. उकाड्याचे दिवस सोसून धावणाऱ्याने थंडीला बिचकण्याचे कारण नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

मग हिवाळ्यात धावताना गारठायला का होते? बहुतेक वेळा त्याचे उत्तर घामात आणि वाऱ्यात सापडते. घराबाहेर पाऊल टाकताना ऊब वाटेल इतके कपडे घातले, तर दहा मिनिटांनी ते कपडे जास्त होतात, घाम येतो आणि तो कापडात मुरतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट अधिक चांगले उष्णतावाहक आहे, त्यामुळे ओल्या कपड्यांतून शरीराची ऊब झरझर निघून जाते. शिवाय १०० ग्रॅम घामाचे बाष्पीभवन होताना जवळपास ५८ किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. धावणे चालू असेपर्यंत आतली निर्मिती हा खर्च भरून काढते, पण दमून चालायला लागले किंवा लचक भरून थांबावे लागले की निर्मिती एकदम घटते आणि ओले कपडे मात्र उष्णता खेचतच राहतात. हिवाळ्यात शरीर धोकादायकरीत्या थंड पडण्याचे प्रसंग धावण्यापेक्षा अशा थांबण्यात अधिक दडलेले असतात. म्हणूनच प्रत्यक्ष तापमानापेक्षा आठ-दहा अंश अधिक आहे असे समजून कपडे घालावेत, पहिली काही मिनिटे थोडे कुडकुडणे स्वीकारावे, अंगाला लागून सुती कापडाऐवजी घाम बाहेर सोडणारे कृत्रिम धाग्याचे किंवा बारीक लोकरीचे कापड असावे आणि बाहेरचा थर वारा अडवणारा असावा, ही अनुभवी धावपटूंची रीत भौतिकशास्त्राला धरूनच आहे. घरी परतताच ओले कपडे बदलणे हा तर सरावाचाच भाग मानावा.

वाऱ्याचा परिणाम आकड्यांत मांडण्याचा पहिला प्रयत्न अंटार्क्टिकावर झाला. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी पाण्याने भरलेले प्लास्टिकचे छोटे नळकांडे वाऱ्यात टांगून ते पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजले, आणि १९४५ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. हवामान खात्यांच्या अंदाजात ‘विंड चिल’ म्हणून जो आकडा दिसतो त्याचे मूळ या नळकांड्यात आहे, मात्र त्याचे सूत्र २००१ मध्ये माणसांच्या चेहऱ्यावरील प्रयोगांच्या आधारे नव्याने बसवण्यात आले. त्या सूत्रानुसार तापमान ० अंश आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला उणे ५ अंशांसारखे वाटते. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वाऱ्यात हा आकडा उणे २० पर्यंत जातो. इथे एक बारकावा आहे. हे सूत्र चालणाऱ्या माणसासाठी, ताशी सुमारे ५ किलोमीटर वेग धरून केलेले आहे. धावणारा समोरून येणाऱ्या वाऱ्यात स्वतःच्या वेगाची भर घालतो आणि पाठीमागून येणारा वारा मात्र जवळजवळ शून्यावर आणतो. त्यामुळे सुरुवात वाऱ्याच्या दिशेला तोंड करून करावी आणि परतताना वारा पाठीशी घ्यावा. उलट केले तर नेमके घामाने भिजल्यावर वाऱ्याला छाती द्यावी लागते. आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी: वारा कितीही असला तरी तो कोरड्या त्वचेला हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे तापमान शून्याच्या वर असताना हिमदंश होत नाही. विंड चिल उणे २७ च्या खाली गेल्यावर मात्र उघडी त्वचा अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते.

आधी गारठतात ती बोटे, कान आणि नाक. गाभ्याची ऊब राखण्यासाठी शरीर त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हातापायांच्या टोकांचा रक्तपुरवठा तोडत आणते. हाताच्या बोटांमध्ये उष्णता निर्माण करणारे स्नायू जवळजवळ नसतात, म्हणून अंग घामेजलेले असतानाही बोटे बधिर होऊ शकतात. हातमोजे आणि कानटोपी याचसाठी. शरीराची बहुतांश उष्णता डोक्यातूनच जाते हा समज मात्र खरा नाही. डोक्याचे क्षेत्रफळ एकूण त्वचेच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहून कमी असते, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती फुप्फुसांची. गार हवेने फुप्फुसे गोठतात किंवा त्यांना इजा होते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात नाक, घसा आणि मोठ्या श्वासनलिका मिळून आत येणारी हवा फुप्फुसांच्या खोल भागात पोहोचण्याआधीच जवळपास ३७ अंशांपर्यंत तापवतात आणि बाष्पाने संपृक्त करतात. खरा ताण पडतो तो या कोरडेपणाचा. शून्य अंशांची संपृक्त हवा एका घनमीटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षाही कमी पाणी धरते, तर ३७ अंशांची सुमारे ४४ ग्रॅम. मधला फरक श्वासमार्गाच्या आतल्या ओलसर अस्तराला भरून द्यावा लागतो. मिनिटाला ६० लिटर हवा आत घेणारा धावपटू तासाभरात साडेतीन घनमीटरहून अधिक हवा ओली करतो; त्यातले काही पाणी उच्छ्वासाबरोबर परत मिळते, बाकीचे तोंडासमोरच्या वाफेत दिसते. अस्तरावरचा द्रव आटला की त्यातील क्षारांची तीव्रता वाढते, तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात आणि काहींच्या श्वासनलिका आकसतात. छाती आवळणे, खोकला, शीळ वाजल्यासारखा श्वास ही त्याची लक्षणे बहुधा धावणे थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत सर्वाधिक जाणवतात आणि तासाभरात ओसरतात. दमा असलेल्यांमध्ये हा त्रास अधिक होतो, पण दमा नसलेल्यांनाही होऊ शकतो.

यावरचे उपाय साधे आहेत. नाका-तोंडावरून सैल गुंडाळलेले कापड उच्छ्वासातील ऊब आणि ओल धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाला परत देते. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की आधी थोडे जोरकस धावून घेतले असता पुढचे एक ते तीन तास श्वासनलिकांची ही प्रतिक्रिया बऱ्याच जणांमध्ये मंदावते. त्यामुळे घरातच काही मिनिटे जिन्यावर चढ-उतार करून, मध्ये लहान वेगवान तुकडे घालून मग बाहेर पडण्याचा दुहेरी लाभ होतो. कारण स्नायूंनाही त्याची गरज असतेच. स्नायूचे तापमान एका अंशाने उतरले की त्याची झटक्याने जोर लावण्याची ताकद ४ ते ६ टक्क्यांनी कमी होते, हे १९७९ मध्येच दाखवले गेले आहे. मात्र लक्षणे वारंवार होत असतील तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनीही कडाक्याच्या थंडीत जोराने धावण्याआधी सल्ला घेणे आवश्यक आहे, कारण त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयावर दुहेरी ओझे पडते.

थंडीत तहानही फसवी असते. आकुंचनामुळे रक्त गाभ्याकडे सरकते, शरीराला पाणी जास्त झाल्याचा भास होतो, लघवी वाढते आणि तहान मंदावते. लांब अंतर धावणाऱ्याने म्हणून तहान लागली नाही तरी थोडे पाणी प्यावे.

बर्फ आणि अंधार हे दोन धोके माझ्या मते तापमानापेक्षा कितीतरी गंभीर आहेत. पाय घसरणे हे जमिनीवर पडणाऱ्या आडव्या आणि उभ्या बलांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते, आणि लांब टाकलेले पाऊल आडवे बल वाढवते. म्हणून निसरड्या जागी पावले आखूड, झपझप आणि शरीराच्या बरोबर खाली पडावीत. रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा थर असेल तर मात्र कोणतेही तंत्र पुरत नाही. त्या दिवशी ट्रेडमिलवर धावावे किंवा विश्रांती घ्यावी.

अंधारात दिसून येण्याबाबत एक सुंदर शोध उपयोगी पडतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ मध्ये दाखवले, की काळोखात माणसाच्या फक्त सांध्यांवर लावलेले दहा-बारा प्रकाशबिंदू हलू लागले, की पाहणाऱ्याला क्षणार्धात चालता माणूस ओळखू येतो. तेच बिंदू स्थिर असताना काहीच बोध होत नाही. पुढे वाहनचालकांवर झालेल्या प्रयोगांत हेच आढळले. केवळ छातीवरच्या चमकत्या पट्टीपेक्षा घोटे, गुडघे आणि मनगटे यांवर प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या लावलेला माणूस चालकांना कितीतरी अधिक अंतरावरून माणूस म्हणून ओळखू येतो. अशा पट्ट्या हलक्या असतात आणि कोणत्याही कपड्यांवर बांधता येतात. नुसते फ्लुरोसंट रंगाचे कपडे रात्री पुरेसे नसतात, कारण तो रंग उजळून दिसण्यासाठी अतिनील किरणे लागतात आणि वाहनांच्या दिव्यांत ती जवळपास नसतात.

ऋतू पालटल्यावर अंतर वाढवतानाही घाई करू नये. तीव्रता राखलेल्या, पण लहान सरावाने हृदय आणि फुप्फुसे तयार राहिलेली असतात, मात्र हाडे, स्नायुबंध आणि पोटरीची कंडरा यांना एवढे महिने कमी पावलांचा भार मिळालेला असतो, आणि या ऊती भाराशी जुळवून घ्यायला हृदयापेक्षा बराच अधिक काळ घेतात. दम शिल्लक आहे म्हणून पहिल्याच उबदार आठवड्यात जुने अंतर गाठणाऱ्यांना नडगीचे दुखणे जडते ते यामुळेच. आधी धावण्याचे दिवस वाढवावेत, नंतर प्रत्येक दिवसाची मिनिटे, आणि त्या काळात वेग आहे तिथेच ठेवावा.