नऊ मॅच जिंकल्या, पण कोणाशी?

आमच्याकडं भंडारा जिल्ह्यात धान निघाला की बांध्या मोकळ्या होतात अन् पोट्टे फुटबॉल घेऊन उतरतात. गेल्या सीझनला आमच्या टीमनं 11 पैकी 9 मॅच मारल्या, पानठेल्यावर बॅनर लागलं, मग कामठीची एक टीम आली अन् 6-0 नं हाणून गेली. रात्री वही काढून पाहिली तर 9 पैकी 7 जीत शेजारच्या दोनच गावांवरची होती, त्यातही एका गावाचे आठच पोट्टे आले होते, बाकीचे धान चुरायला गेले होते.

हा प्रश्न लय जुना आहे. इंग्लंडमध्ये 1888 च्या आधी क्लब बहुतेक मैत्रीचे सामने नाहीतर कप खेळत, ज्याच्या वाट्याला जो आला तो. 1888 ला 12 क्लबची लीग सुरू झाली, प्रत्येकानं प्रत्येकाशी घरी एकदा अन् त्याच्या गावी एकदा खेळायचं, म्हणजे 22 मॅच. पहिल्याच वर्षी प्रेस्टननं 18 जिंकल्या, 4 बरोबरीत, हरली एकही नाही. समोर सगळ्यांना तेच क्लब, त्यामुळं 18 म्हणजे 18, वाद नाही.

पण देशांच्या टीमचं तसं होत नाही न भाऊ. जगाचं फुटबॉल चालवणारी संघटना म्हणजे फिफा, तिचे 211 सदस्य देश, सगळ्यांनी एकमेकांशी एकदा जरी खेळायचं म्हटलं तरी 22,155 मॅच होतात. म्हणून 1992 च्या डिसेंबरात फिफानं रँकिंग काढलं, त्यात सुरुवातीला हिशोब लीगसारखाच साधा होता, जीत 3 अन् बरोबरी 1. समोर कोण होतं ते नीट मोजल्याच जात नव्हतं, मग 1999 ला सुधारणा, 2006 ला परत.

नुसता आकडा किती फसवतो ते 2001 ला दिसलं. ऑस्ट्रेलियानं टोंगाला 22-0 अन् दोनच दिवसांनी अमेरिकन सामोआला 31-0 हरवलं, आर्ची थॉम्पसनचे एकट्याचे 13 गोल. त्याच वर्षी नोव्हेंबरात वर्ल्डकपच्या जागेसाठी उरुग्वेशी प्लेऑफ झाला, घरी 1-0 जिंकले, माँटेव्हिडिओला 3-0 हरले अन् वर्ल्डकप गेला. पुढं 2006 ला ऑस्ट्रेलिया आशियाच्या गटात आलं, तगडी टीम समोर पाहिजे म्हणूनच.

2006 च्या नियमात समोरच्याचा नंबर धरला, पण सगळ्या मॅचची सरासरी काढत अन् मैत्रीच्या सामन्याचं वजन सगळ्यात कमी, म्हणजे तो जिंकूनही सरासरी खाली येऊ शकत होती. पोलंडनं हे ओळखलं, 2018 च्या वर्ल्डकपचे गट पाडायला जे रँकिंग धरलं, त्याच्या आधी वर्षभर मैत्रीचे सामने जवळपास खेळलेच नाहीत, अन् गटांच्या सोडतीत वरच्या नंबरवाल्यांच्या पहिल्या पॉटात बसले, स्पेन दुसऱ्यात. मग रशियात पोलंड गटात शेवटचा. मला हे चूकच वाटते, न खेळून वर चढणं म्हणजे खेळाचा अपमान आहे.

2018 ला फिफानं बुद्धिबळातली पद्धत घेतली, अर्पाद एलो नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकाची, जागतिक बुद्धिबळ संघटना ती 1970 पासून वापरते. यात मॅचच्या आधीच दोघांच्या पॉइंटवरून किती अपेक्षा आहे ते निघते. समजा पात्रता फेरीची मॅच आहे अन् एक टीम 300 पॉइंटनं वर आहे, तर ती जिंकली तरी तिला 6 च पॉइंट, बरोबरी झाली तर उलटे साडेसहा जातात, अन् लहान टीम जिंकली तर तिला 19. अमेरिकन सामोआसारख्या टीमला धुऊन आता फारसं काही हाती लागत नाही.

आपल्या भारताचंच पाहा. 2023 ला भुवनेश्वरला लेबनॉनला हरवलं, बंगळूरला दक्षिण आशियातल्या देशांचा सॅफ कप घेतला, जुलैत नंबर 99, आमच्या पानठेल्यावर पेढे वाटले. पण त्या जिती घरच्या मैदानावरच्या होत्या. जानेवारी 2024 ला कतारमध्ये आशिया कपात ऑस्ट्रेलिया 0-2, उझबेकिस्तान 0-3, सीरिया 0-1, तीन मॅचमध्ये गोल एकही नाही, अन् फेब्रुवारीत नंबर 117.