पेशंट बिघडायच्या आधी

बाळ जन्मलं की पहिल्याच मिनिटाला त्याला मार्क मिळतात, हे खूप आईबाबांना माहीतही नसतं. अंगाचा रंग, हृदयाचे ठोके, डिवचल्यावर तोंड वाकडं करतंय का, हातपाय ढिले आहेत की ताठ, आणि श्वास. पाच गोष्टी, प्रत्येकीला ० ते २, एकूण १० पैकी, आणि पाचव्या मिनिटाला परत एकदा. न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली आणि ती अजून जगभर चालते, कारण तिला लॅब लागत नाही, मशीन लागत नाही, अनुभवी माणूस आणि घड्याळ असलं की झालं. पण ॲपगारबाईंचा प्रश्न एवढाच होता की या बाळाला आत्ता, या क्षणी मदत लागतेय का. पुढच्या आठवड्यात त्याला इन्फेक्शन होईल का, मेंदूत रक्तस्राव होईल का, हे त्या मार्कांवरून कळावं अशी अपेक्षाच नव्हती. लोक मात्र ते मार्क भविष्य वाचल्यासारखे वाचत राहिले. त्यात कमी दिवसांच्या बाळाची तर अजूनच पंचाईत, ते मुळातच ढिलं असतं, त्यामुळे आजारी नसलं तरी मार्क कमीच येतात.

पुढचं ओळखायचं असेल तर दुसरं काहीतरी हवं. इथे सुची सारिया यांचं काम येतं. दार्जिलिंगमध्ये वाढलेल्या, शिक्षण कॉम्प्युटर सायन्सचं, अमेरिकेत स्टॅनफर्डला डॅफ्नी कोलर यांच्याकडे पीएचडी करत होत्या. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, पेटीत ठेवलेल्या बाळाला वायरी लावलेल्या असतात आणि मॉनिटरवर ठोके, श्वास, ऑक्सिजन हे अखंड चालू असतं, पण फाइलमध्ये काय जातं तर मधूनमधून नर्सने लिहून ठेवलेला एखादा आकडा, बाकीचं बहुतेक ठिकाणी वाहून जातं. सारिया आणि तिथल्या डॉक्टरांनी हेच वाहून जाणारं धरून ठेवलं. ३४ आठवड्यांत किंवा त्याआधी जन्मलेली, २ किलोपर्यंत वजनाची १३८ बाळं घेतली, प्रत्येकाचे फक्त पहिल्या ३ तासांचे आकडे घेतले, त्यात वजन आणि किती आठवड्यांचं बाळ आहे एवढं टाकलं आणि कोणतं बाळ पुढे गंभीर आजारी पडेल याचा स्कोअर काढला. नाव फिजिस्कोअर, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ॲपगारपेक्षा तर तो बराच सरस निघालाच, पण ज्या स्कोअरना रक्ताच्या तपासण्या लागतात त्यांच्याही पुढे गेला आणि यासाठी बाळाला एक सुईसुद्धा जास्तीची टोचावी लागली नाही. १३८ हा आकडा लहान आहे, एकाच हॉस्पिटलमधला आहे, हे लक्षात ठेवूनच हे वाचायचं.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे नेमकं काय कामाला आलं ते. ठोके किती हे नाही, ठोके किती बदलतात हे. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही, दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमी थोडं जास्त होत असतं, कारण मज्जातंतूंची एक यंत्रणा वेग वाढवत असते आणि दुसरी लगेच आवरत असते. चांगला ड्रायव्हर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग जरा जरा हलवतच असतो ना, तसंच. शरीर आजारी पडायला लागलं की ही बारीक हालचाल आधी मरते. आकडा बघाल तर मिनिटाला १५० ठोके, बाळासाठी नॉर्मल, पण रेष सपाट व्हायला लागलेली असते, आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसणं जवळपास अशक्य.

व्हर्जिनिया विद्यापीठात हृदयतज्ज्ञ रँडल मूरमन आणि त्यांची टीम हेच धागे सारियांच्या आधीपासून पकडून होती, म्हणजे बदल कमी होणं आणि मध्येच ठोके क्षणभर मंदावणं. धोक्याचा स्कोअर दाखवणाऱ्या त्यांच्या हीरो नावाच्या मॉनिटरची चाचणी झाली ती एकदम कडक होती. ९ एनआयसीयू, दीड किलोच्या आतली ३००३ बाळं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटलेली, एका गटाचा स्कोअर डॉक्टरांना दिसणार आणि दुसऱ्याचा झाकलेला. स्कोअर वाढला तर काय करायचं याचा काही नियम दिला नव्हता, दिसतोय एवढंच. २०११ मध्ये निकाल आला, झाकलेल्या गटात १०.२ टक्के बाळं दगावली आणि दिसणाऱ्या गटात ८.१ टक्के.

मोठ्या माणसांत हाच खेळ सेप्सिसबाबत आहे. इन्फेक्शनला उत्तर देताना शरीराचाच तोल जातो आणि स्वतःचे अवयव बिघडायला लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. २०१७ या एका वर्षात जगात साधारण ४ कोटी ८९ लाख लोकांना तो झाला आणि १ कोटी १० लाख गेले असा अंदाज आहे. वैताग असा की सुरुवातीची प्रत्येक खूण साधी दिसते. थोडा ताप, जरा जोरात श्वास, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) किंचित वर, आणि प्रत्येकाला दुसरं कारण सापडतंच. सारिया तोपर्यंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या होत्या, आणि २०१५ मध्ये त्यांच्या टीमने आयसीयूच्या जुन्या नोंदींवर दाखवलं की सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे ब्लड प्रेशर धोकादायक खाली जाण्याच्या, साधारण २८ तास आधी धोका ओळखता येतो.

पण जुन्या नोंदींतून शिकण्यात एक मोठी गोम आहे. १९९० च्या दशकात पिट्सबर्गमध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या नोंदींवर मॉडेल, म्हणजे धोक्याचा अंदाज काढणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, शिकवलं तर त्यातून निघालं की दमा असलेल्यांना मरणाचा धोका कमी! का, तर दमा आहे म्हटल्यावर डॉक्टर त्यांना थेट आयसीयूत हलवायचे, उपचार जोरात व्हायचे म्हणून ते वाचायचे. मॉडेलला उपचार दिसत नाहीत, निकाल दिसतो. असं मॉडेल कामाला लावलं असतं तर दम्याच्या पेशंटला घरी पाठवा म्हणालं असतं. सेप्सिसमध्येही तेच, वेळेवर अँटिबायोटिक आणि सलाईन मिळालेला पेशंट शॉकमध्ये गेला नाही, मग त्याला धोका नव्हता असं शिकायचं का? सारियांच्या टीमने अशांना ‘सेफ’ न धरता ‘पुढचं माहीत नाही’ असं धरलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझ्या मते या कामातली खरी अक्कल इथेच आहे.

मग धोका दिसला की अलर्ट देणारं सारियांच्या टीमचं मॉडेल प्रत्यक्ष वॉर्डात आणलं. २०१८ ते २०२० मध्ये पाच हॉस्पिटलं, जवळपास ५ लाख ९० हजार पेशंट. आलेल्या अलर्टपैकी ८९ टक्के डॉक्टरांनी उघडून बघितले आणि बघितलेल्यांपैकी ३८ टक्के बरोबर आहेत असं मान्य केलं. ३८ कमी वाटेल, पण दिवसभर बीप बीप ऐकून कान बधिर झालेल्या वॉर्डात अलर्ट मुळात कोणी उघडतंय हेच खूप झालं. सेप्सिसच्या ज्या ६,८७७ पेशंटना अँटिबायोटिकच्या आधी अलर्ट आला होता, त्यांच्यात ३ तासांत डॉक्टरांकडून अलर्टवर शिक्कामोर्तब झालेल्यांचे मृत्यू बाकीच्यांपेक्षा ३.३ टक्के अंकांनी कमी होते. अर्थात इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, पेशंट किती आजारी होते हे गणितात धरलंय खरं, तरी हीरोच्या चाचणीइतकं ठोस मी याला म्हणणार नाही.

सगळीच मॉडेलं अशी नसतात. हॉस्पिटलच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक कंपनीचं सेप्सिस मॉडेल अमेरिकेतल्या शेकडो हॉस्पिटलांत चालू होतं, मिशिगनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तपासलं तर सेप्सिसचे ६७ टक्के पेशंट त्यातून निसटलेले, आणि तरीही ॲडमिट झालेल्यांत १८ टक्क्यांना अलर्ट वाजलेला. तिथेच एप्रिल २०२० मध्ये कोविडचे पेशंट आले तशी अलर्टची भरमार झाली, कारण मॉडेलने असे पेशंट पाहिलेच नव्हते, शेवटी ते बंद करावं लागलं. पेशंट बदलले की मॉडेल कसं भरकटतं यावर पुढे एक लेख आला, त्याच्या लेखकांत सारियाही आहेत. त्यांचं म्हणणं असं की मॉडेलवर नजर ठेवायला हॉस्पिटलमध्येच माणसं नेमायला हवीत, आणि अलर्ट अचानक विचित्र यायला लागलेत हे ओळखायला वॉर्डातल्या डॉक्टरांनाही शिकवायला हवं.