शालेय वेबरचना-शिक्षण (बेळगाव सीमाभाग)

माध्यमिक शाळेतल्या, म्हणजे कर्नाटकात आठवी ते दहावीच्या, मुलांना वेबपान स्वतःच्या हाताने लिहायला शिकवणे. मजकुराची बांधणी एचटीएमएलने आणि रंगरूप सीएसएसने, एवढीच प्राथमिक व्याप्ती. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हालचाल आणि प्रतिसाद देणारी भाषा, पुढच्या टप्प्यावर. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात विषयाचा वेगळा विचार करावा लागतो. इथल्या मुलाच्या पानावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकत्र नांदतात, आणि वेबरचनेचे बहुतेक धडे रोमन लिपी गृहीत धरूनच लिहिलेले असतात.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मराठी शाळा राहिल्या, अभ्यासक्रम आणि परीक्षा मात्र कर्नाटकाच्या झाल्या. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेच्या, ६२५ गुणांत तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान येतात. पहिली भाषा मराठी घेता येते, पण या सहांत संगणक नाही. त्यामुळे वेबरचना शिकवायची ती संगणकाच्या तासाला, सुटीतल्या वर्गात, किंवा अटल टिंकरिंग लॅब (केंद्राच्या योजनेतली शालेय प्रयोगशाळा) असेल तर तिथे. दहावी लागली की घरातून ‘आता हे पुरे’ ऐकू येणारच. म्हणून नववीचे वर्ष वाया घालवू नये.

साधने फारशी लागत नाहीत. इंटरनेट तर सुरुवातीला लागतच नाही, आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात ही मोठीच सोय. नोटपॅडमध्ये टॅग (मजकुराचा कोणता भाग काय आहे ते सांगणाऱ्या कंसातल्या खुणा) लिहायचे, फाइल साठवायची, त्याच संगणकावर ब्राउझरमध्ये उघडायची. पहिल्या तासाला दोन ठिकाणी हमखास अडते. विंडोज फाइलचे एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचा, फाइलचा प्रकार सांगणारा भाग) लपवते, त्यामुळे ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’च्या मागे ‘टीएक्सटी’ गुपचूप चिकटते आणि पानाऐवजी नुसते टॅगच दिसतात. दुसरी अडचण जुन्या संगणकांची. विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेपूर्वी नोटपॅड आपणहून ‘एएनएसआय’ या जुन्या अक्षरसंकेताच्या पद्धतीने साठवत असे. त्यात देवनागरी मावत नाही आणि लिहिलेल्या परिच्छेदाची प्रश्नचिन्हे होतात. साठवताना सगळ्या लिपी मावणारा यूटीएफ-८ हा संकेत निवडणे आणि पानाच्या सुरुवातीच्या ‘हेड’ भागात तोच चारसेट (अक्षरसंकेत) लिहिणे, एवढे मात्र पाठच करून घ्यावे. बाकी टॅगांची घोकंपट्टी करून काही साधत नाही.

मजकूर कुठून येतो हेही पाहावे लागते. छापखान्यांतून आणि शाळांच्या कार्यालयांतून श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली अजून फिरतात. कन्नडसाठी ‘नुडी’ या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांतल्या. त्यांतली अक्षरे युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसल्याने ब्राउझरमध्ये रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. वार्षिक अहवालाचा उतारा असा चिकटवण्यापेक्षा मुलांनी तो पुन्हा टाइप केलेला बरा. तेवढाच टायपिंगचा सराव. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत.

शिकवायला खरी मजा येते ती सीएसएसमध्ये. इंग्रजी धड्यांत शीर्षक उठावदार करायला अक्षरांमधले अंतर वाढवायला सांगतात. तेच देवनागरीवर केले की शिरोरेषा तुटते. मोठी लिपी, लहान लिपी हा भेद इथे नाही, आणि तिरपी अक्षरे परकीच वाटतात. ठसठशीतपणा आणायचा तर आकार, जाडी आणि रंग यांनीच. ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे जास्त ठेवावे, कारण देवनागरीत वेलांट्या-मात्रा वर चढतात आणि कन्नडमध्ये जोडाक्षरांचे ‘ओत्तु’ खाली उतरतात. प्रत्येक उताऱ्याला ‘लँग’ हा गुणधर्म लावावा : मराठीला ‘एमआर’, कन्नडला ‘केएन’. मराठी आणि हिंदी वळणाच्या ‘ल’, ‘श’ला युनिकोडमध्ये एकच क्रमांक आहे, नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट ‘एमआर’ पाहून मराठी वळण दाखवतो. अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही कोणत्या भाषेत वाचायचे ते यावरूनच कळते. हा एक गुणधर्म शिकवला नाही तर सीमाभागात वेबरचना शिकवली असे म्हणू नये.

सरावाला विषय जवळचे घ्यावेत. कदंबकालीन हलशी गाव, भीमगड किल्ला, गांधीजी अध्यक्ष असलेले १९२४ चे बेळगाव काँग्रेस अधिवेशन, किंवा बेळगाव–खानापूर बसचे वेळापत्रक. वेळापत्रकात टेबलचे सगळे टॅग येऊन जातात, शिवाय ते घरातही उपयोगी पडते. मोबाइलवरचा फोटो कित्येक एमबींचा असतो. तो आठ-नऊशे पिक्सेल रुंदीवर आणल्याशिवाय पानात घालू देऊ नये. मराठी आणि कन्नड पाने एकमेकांना लिंकने जोडायला लावली की लिंक शिकवून होते. कन्नड पान मात्र मशीनकडून भाषांतरित करून सोडू नये, कन्नड शिकवणाऱ्या सर-मॅडमना दाखवावे. पानावर लिहिलेल्या पत्त्याच्या ओळीत २०१४ पासूनचे अधिकृत ‘बेळगावी’ आणि मजकुरात ‘बेळगाव’ लिहिले की शोधणाऱ्याला दोन्हींनी पान सापडते. त्यावरून वर्गात वाद घालण्याचे कारण नाही.

पाने प्रत्यक्ष इंटरनेटवर ठेवताना घाई नको. गिटहब पेजेस या वेबपाने ठेवण्याच्या सेवेवर ती फुकट ठेवता येतात आणि तिथे खाते काढायला किमान वय १३ आहे. पण भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. तेव्हा खाते शाळेचे असावे, आणि पानांवर मुलांचे चेहरे, पूर्ण नावे, फोन नंबर नसावेत. पालकसभेत दाखवायला तर पेन ड्राइव्हवरचे फोल्डरही पुरते.