तारली ताटात की गळाला?

तारली गळाला लावायची म्हटलं की बेळगाव-खानापुरातली जुनी माणसं अजून डोळे वटारतात. घाट चढून आलेली, पैसे मोजून घेतलेली मासळी परत पाण्यात टाकायची?

कारवार-गोव्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न कुणाला पडत नसे. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, तारल्यांचा थवा सापडला की खाऊन, वाळवून, वाटूनही मासळी उरायची. मग ती माडांच्या बुंध्यात खत म्हणून जाई. मोठ्या माशांच्या गळालाही हीच. तिकडे मलबारात उकळून तेल काढत आणि चोथ्याचं खत करत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन यांनी या धंद्याला नीट पद्धत लावून दिली. तारलीला हलकी मासळी म्हणतात ते या भरमसाटपणामुळे, चवीमुळे नव्हे.

घाटावर तिची गत वेगळी. पावसाळ्यानंतर तारली चरून चांगली तेलकट होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या चवीला तोड नसते. पण पोट भरलेली तारली बर्फाशिवाय काही तासांतच पोटाशी फुटते, कारण तिच्याच आतड्यातले पाचक रस तिला खातात. त्यामुळे बैलांवरून घाट चढायची ती सुकी, खारवलेली. १८८०च्या दशकाअखेर मुरगावहून लोंढ्याकडे रेल्वे झाली आणि वाट सोपी झाली. पुढे १९५५ ते १९६१ भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली, त्यात ती वाटही तुटली. आज चोर्ला आणि अनमोड घाटातून बर्फातली पेटी येते आणि बेळगावच्या कॅम्पातल्या फिश मार्केटात तारली बांगड्याशेजारी मांडलेली दिसते. घेताना पोट दाबून बघा. मऊ लागलं, फुटलेलं असलं तर सोडून द्या. शिळ्या तारलीत तयार होणारं हिस्टामिन शिजवूनही जात नाही, आणि मग अंगाला खाज सुटते ती तिखटामुळे नव्हे.

किनाऱ्यावरही चित्र पालटलं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकात पर्ससीन जाळी, म्हणजे बोटीतून थव्याला घेरून तळाशी आवळायची जाळी, आली, रापणकरांशी वाद पेटले, आणि उरलेली मासळी माडाऐवजी फिशमीलच्या (माशांच्या भुकटीच्या) कारखान्यात जाऊ लागली. तारली तशीही लहरी. २०१२ साली एकट्या केरळात सुमारे ३.९ लाख टन मिळाली, २०२१ साली जेमतेम ३,३०० टन. असल्या वर्षी तिला आमिष म्हणणं जिवावर येतं.

तरी हिडकल धरणाच्या पाण्यावर गळ टाकणारे विचारतातच, म्हणून सांगतो. कटला-रोहूसाठी तारली फुकट घालवू नका, त्यांना पिठाचा गोळा नाहीतर शेंगदाण्याची पेंड बरी. शिंगाळ्यासारखा वासावर येणारा मासा हवा असेल तर गढूळ पाण्यात तिचं तेल काम करतं. फक्त मांस मऊ असल्यानं गळावरून सुटतं. आदल्या रात्री जाड मीठ लावून ठेवलं की घट्ट होतं. आमिषाला फुटक्या पोटाची घ्यावी. चांगली असेल ती तिरफळ घालून तिखल्याच्या कालवणातच जावी, माझं तरी याबाबत दुसरं मत नाही.