ते अकॉर्डियन नव्हे, बँडोनिऑन

आस्तोर पियाझोला हा अर्जेंटिनाच्या टँगो या नृत्यसंगीताचा संगीतकार आणि बँडोनिऑनवादक. त्याचं आणि क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवाद्य-चौकडीचं ‘फाइव्ह टँगो सेन्सेशन्स’ कुणाला ऐकवलं की एक प्रश्न हमखास येतो: व्हायोलिनच्या जोडीने वाजतंय ते अकॉर्डियन ना? नाही, ते बँडोनिऑन. गल्लत होणं अगदी स्वाभाविक आहे. दोन्हींना भाता, दोन्हींना बटणं, आणि दोन्हींत हवेच्या झोताने धातूची रीड थरथरून सूर निघतो. आपली पेटीही याच कुळातली. शिवाय हिंदी चित्रपटगीतांनी आणि पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या वादकांनी अकॉर्डियन आपल्या कानाला घरचं करून ठेवलंय. बँडोनिऑन प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मात्र आपल्याकडे विरळाच.

दिसण्यातला फरक सोपा आहे. अकॉर्डियन खांद्यांवर अडकवून छातीशी धरतात. नेहमीच्या अकॉर्डियनला उजव्या हाताखाली पियानोसारख्या पट्ट्या असतात. बँडोनिऑन म्हणजे दोन चौकोनी लाकडी खोकी आणि मधे लांबलचक भाता. ते मांडीवर घेऊन वाजवतात. पियाझोला उभा राहून, एक पाय उंच ठेवून, त्या मांडीवर वाद्य टेकवायचा. भाता उघडला की दोन्ही खोकी गुडघ्याच्या दोन बाजूंना आपल्याच वजनाने खाली झुकतात.

बोटं टेकली की खरा भेद सुरू होतो. अकॉर्डियनच्या डाव्या हाताला आयती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, मिळते: एका बटणात तीन सूर. म्हणून एकटा अकॉर्डियनवाला नाचाची अख्खी संध्याकाळ सांभाळू शकतो. बँडोनिऑनमध्ये असं आयतं काही नाही. कॉर्ड हवी तर एकेक सूर शोधून बोटांनी बांधायची. टँगोवाल्यांच्या बँडोनिऑनला उजवीकडे ३८ आणि डावीकडे ३३ बटणं असतात. बहुतेक बटणं भाता उघडताना एक सूर देतात आणि मिटताना दुसराच. म्हणजे प्रत्येक हाताचे दोन नकाशे, एकूण चार पाठ करायचे, आणि त्यात बटणं सुरांच्या क्रमाने मांडलेलीही नाहीत. (काही बटणांची अकॉर्डियनंही अशी दुहेरी सुरांची असतात, पण पियानो अकॉर्डियन नाही.) शिकणाऱ्याच्या चिकाटीला मी मनापासून नमस्कार करतो.

जन्म दोघांचाही युरोपातला. अकॉर्डियनचं पेटंट सिरिल डेमियानने १८२९ साली व्हिएन्नात घेतलं. बँडोनिऑनला नाव मिळालं ते जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हाइनरिश बांडवरून. एकोणिसावं शतक संपता संपता ते ब्यूनोस आयर्सला पोचलं आणि टँगोचा आवाजच बनून गेलं. सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्ड गावी आर्नोल्डच्या कारखान्यात बनलेल्या ‘दोब्ले आ’ बँडोनिऑनवर तिथल्या वादकांचा विशेष जीव. दुसऱ्या महायुद्धानंतर ते काम थांबलं, म्हणून ती जुनी वाद्यं आजही दुरुस्त करून जपतात.

पण या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो स्वर. अकॉर्डियनमध्ये एकाच सुराच्या दोन-तीन रीड पुष्कळदा किंचित अंतर ठेवून जुळवतात. त्या अंतराने आवाजात लहर येते, पॅरिसच्या जुन्या नाचगाण्यांत ऐकू येते तीच. टँगोच्या बँडोनिऑनमध्ये दोन रीड बरोबर एका सप्तकाच्या अंतराने बोलतात. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर खर्ज-नर. त्यात लहर नाही. सूर सरळ येतो, जरा कोरडा, थोडा दुखरा.

व्हायोलिन, व्हायोला, चेलो घेऊन बसलेल्या चौघांना हाच सूर हवासा वाटतो, असं मला वाटतं. चौकडीत प्रत्येक जण बाकीच्यांशी सूर मिळवत वाजवत असतो; मधेच लहर असलेलं वाद्य आलं तर जुळायचं कशाशी? बँडोनिऑन त्यांच्यात एका माणसासारखं मिसळतं. भात्याचं उघडणं-मिटणं गजाच्या ओढीसारखं, आणि गुडघ्यावर भाता हापटून दिलेला आघात गजाच्या आघाताइतका धारदार. ‘फाइव्ह टँगो सेन्सेशन्स’मधला पहिला भाग, ‘अस्लीप’, ऐकताना कित्येकदा मला गज कुठे थांबला आणि भाता कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही.

क्रोनोसचं टँगोवरचं प्रेम एका ध्वनिमुद्रिकेपुरतं नव्हतं. त्याआधी पियाझोलाने त्यांच्यासाठी ‘फोर, फॉर टँगो’ लिहिलं होतं, आणि त्यात बँडोनिऑनच नाही! चार तंतुवाद्यांनीच टँगो उभा करायचा. तिथे टँगोच्या व्हायोलिनवादकांच्या युक्त्या कामी येतात. उदाहरणार्थ, ते गज घोडीच्या पलीकडे घासून खरखरीत आवाज काढतात. त्याला ‘चिचार्रा’, म्हणजे रातकिडा, म्हणतात. मग १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘फाइव्ह टँगो सेन्सेशन्स’ त्यांनी पियाझोलासोबत पहिल्यांदा वाजवलं. १९९१ साली ते ध्वनिमुद्रण बाहेर आलं आणि पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९२ रोजी, पियाझोला गेला.

अकॉर्डियनवर टँगो वाजवूच नये, असं मी म्हणणार नाही. फ्रेंच अकॉर्डियनवादक रिशार गालियानो तो फार सुंदर वाजवतो, आणि अकॉर्डियनच्या फ्रेंच परंपरेत नवं काही कर, असं त्याला सांगणारा पियाझोलाच होता.

तरी दोन्हींतला फरक एकदा कानाने ओळखायचा असेल तर हेडफोन लावा. बँडोनिऑनवादक उजव्या अंगठ्याने एक छोटी दांडी दाबतो आणि भात्यातली हवा एकही सूर न वाजवता सोडून देतो. दोन ओळींच्या मधल्या शांततेत अनेकदा तो उसासा ऐकू येतो.