थिनर पाण्याच्या बाटलीत मिळणार नाही

रोज पाच-सात गिऱ्हाईक पाण्याची रिकामी बाटली काउंटरवर ठेवतात : "अर्धा लिटर थिनर टाका यात." आम्ही नाही म्हणालो की दहा मिनिटं हुज्जत. "मोंढ्यात देतात की!" देत असतील. आम्ही देत नाही, आणि का ते एकदाच छापून ठेवलंय.

थिनर दिसतं पाण्यासारखं. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच दुकानात कामावरच्या पोरानं भर दुपारी अशी बाटली उचलून तोंडाला लावली. वास आला म्हणून थांबला. चुकून कुणाच्या पोटात घोट गेलाच, तर उलटी करायला लावू नका. वर येताना ते फुफ्फुसात उतरतं आणि खरा घात तिथं होतो. डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. डब्यावर काय आहे ते डॉक्टरांना वाचता येतं. पाण्याच्या बाटलीवर काय वाचणार?

आता आगीचं. एनसी थिनरमध्ये, म्हणजे लॅकरसारखे नायट्रोसेल्युलोजचे रंग पातळ करायच्या थिनरमध्ये, बहुधा टोल्यूइन नावाचं द्रावक असतं. ठिणगी मिळाली तर पेटेल इतकी वाफ त्यातून 4 अंश सेल्सिअसलाच सुटते. ऑइल पेंटमधलं टर्पेंटाइन त्या मानानं गरीब, साधारण 35 ते 40 अंशाचं. पण आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 वर असतो, तेव्हा त्याच्याही भरवशावर राहू नका. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरकत जाते. पुढच्या खोलीत कपाट रंगवताय आणि आत देवापुढं समई चालू, असं नको. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असंही नाही, नाकाला सवय होते. पेटलंच तर पाणी मारू नका. थिनर पाण्यावर तरंगतं, आग पसरते. कोरडी वाळू टाका.

सीलबंद डबा सुट्यापेक्षा महाग पडतो, खरंय. म्हणून अर्ध्या लिटरचाही ठेवतो. पोळ्याला शिंगं रंगवायची तर तेवढंही लागत नाही.

आणि येताना रंगाचा डबा घेऊन या. थिनर मागायला आलेल्या निम्म्या लोकांना खरं तर टर्पेंटाइनच हवं असतं.