लिंक्स गोल्फ कोर्सवर खेळणं

समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडांवर, जवळजवळ झाडं नसलेल्या आणि कायम वारा सुटलेल्या जमिनीवर जो गोल्फ कोर्स असतो तो लिंक्स. प्रकार मूळ स्कॉटलंडचा, आणि तिथले बरेच नावाजलेले लिंक्स पब्लिक आहेत, मेंबरशिप नसली तरी ग्रीन फी भरून बाहेरचा माणूस खेळू शकतो. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सला हँडिकॅपचा, म्हणजे खेळ किती चांगला आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा, पुरावा लागतो, पुष्कळांना दोन दिवस आधी निघणाऱ्या सोडतीवर अवलंबून रहावं लागतं, आणि रविवारी एरवी खेळ बंदच, गावातली माणसं पोरंबाळं, कुत्री घेऊन फेअरवेवर, म्हणजे बॉल मारायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, फिरतात. जगातला सगळ्यात नावाजलेला कोर्स असा गावाला मोकळा असतो हे मला फार मोठं वाटतं.

कोल्हापुरात खरा लिंक्स होणार नाही, कारण जमीनच तशी नाही. पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, ऊस त्यावरच पोसतो, पण पावसाळ्यात बॉल पडला की तिथंच रुतणार. लिंक्सला खाली वाळू, पाणी लगेच निथळतं, वर फेस्क्यू नावाचं बारीक गवत, जमीन टणक, त्यामुळं बॉल पडल्यावरसुद्धा बराच पळतो. आपल्याकडचा खेळणारा हिरव्यागार कोर्सवर शिकलेला, उंच मारायचं आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, थांबवायचं ही त्याची सवय, आणि तोच शॉट लिंक्सवर टप्पा घेऊन ग्रीनच्या पार मागं जातो. म्हणून ग्रीनच्या बरंच अलीकडं बॉल टाकायचा आणि उतार बघून घरंगळत न्यायचा, याला बंप अँड रन म्हणतात, अन् लिंक्सवर खरी मजा यातच आहे.

मग वारा. आषाढात मसाई पठारावर उभं राहिलेल्याला छत्री उलटी करणारा वारा सांगावा लागत नाही, तसल्या वाऱ्यात लिंक्सवर अख्खे 18 होल काढायचे असतात. समोरून ताशी 10 मैल वारा असला तर 150 यार्डांचा शॉट साधारण 165चा धरून क्लब, म्हणजे मारायची काठी, निवडायचा, पण जोर लावायचा नाही, कारण जोरात मारलं की स्पिन, म्हणजे बॉलचं फिरणं, वाढतो, बॉल वर चढतो आणि वारा त्याला अडवतो. बॉल मागच्या पायाकडं ठेवायचा, स्विंग पाऊण, फॉलो थ्रू, म्हणजे मारल्यानंतर पुढं जाणारा हात, आखूड.

पॉट बंकर म्हणजे वाळूचे खड्डे, खोल आणि उभ्या भिंतीचे असतात, त्यात पडलात तर ग्रीनचा नाद सोडून आडवं नाहीतर मागं मारून बाहेर या. रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, बॉल शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात.

स्कॉटलंडमधला कार्नूस्टी हा असाच पब्लिक लिंक्स, आणि अवघडपणासाठी त्याचं नाव पहिलं निघतं. 1999 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत फ्रान्सचा जाँ वान द वेल्दे शेवटच्या होलला तीन शॉटनं पुढं होता, पार चारच्या, म्हणजे चार शॉटमध्ये संपवायच्या, होलवर सहा केले असते तरी जिंकला असता, पण मोठे शॉट मारायच्या नादात बॉल बॅरी बर्न ओढ्यात गेला, सात झाले, बरोबरी होऊन प्लेऑफ झाला आणि पॉल लॉरी जिंकला, जो त्या दिवशी सकाळी दहा शॉट मागं होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातला चेंबर्स बे पण सरकारी मालकीचा, जुन्या वाळू-खडीच्या खाणीवर केलेला, 2007 ला सुरू झाला आणि 2015 ला तिथं यूएस ओपन झाली.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि वाट सांगणारा माणूस, घ्यावाच, कुठल्या टेकाडामागं बंकर लपलाय ते टीवरनं, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागेवरनं, दिसतच नाही.